पाचामुखी परमेश्वर, पण पाचही तोंडे उघडली तर!

२००१ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फातल्या पर्यटनस्थळी सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र आले. त्यातील अनेकांची सॉफ्टवेअर तयार करण्याची स्वत:ची वेगळी पद्धत होती आणि या पद्धती एकमेकींच्या चक्क स्पर्धक होत्या. केंट बेक 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग'चे पुरस्कर्ते, केन श्वाबर व जेफ सदरलँड 'स्क्रम'चे, तर अ‍ॅलिस्टर कॉकबर्न 'क्रिस्टल'चे. एकमत होण्याची शक्यता कमीच होती. तरीही चार मूल्यांचे एकपानी घोषणापत्र तिथे तयार झाले आणि त्यातून 'अ‍ॅजाइल' ही संज्ञा जगभर रुजली. गंमत अशी, की भिन्न मतांच्या या माणसांत एकही स्त्री नव्हती आणि आशिया खंडात काम करणारे कोणी नव्हते. विचारांची विविधता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अ‍ॅजाइलच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशी लागलेला आहे.

आज पुण्यातील हिंजवडीपासून मुंबईतील बँकांच्या संगणक विभागांपर्यंत हा शब्द सर्रास ऐकू येतो. पद्धत थोडक्यात अशी : वर्ष-दोन वर्षांचा आराखडा आधी कागदावर न मांडता, एक ते चार आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत काम करायचे. प्रत्येक टप्प्याअखेर वापरता येईल असे काहीतरी ग्राहकाला दाखवायचे आणि त्याच्या प्रतिक्रियेनुसार पुढची दिशा ठरवायची. संघ लहान, साधारणत: दहाच्या आतला. काम कसे करायचे, हे तो संघच ठरवतो.

जुन्या पद्धतीत कोणताही निर्णय दहा टेबलांवरून फिरत असे. त्याला विलंब होई, पण कोणत्या ना कोणत्या टेबलावर एखादी शंका निघे. अ‍ॅजाइल संघात तोच निर्णय सात-आठ माणसे वीस मिनिटांत घेतात. मधली टेबले गेली, तसा त्यांचा पहाराही गेला. ती तपासणी आता त्या सात-आठ डोक्यांतच व्हायला हवी. ती सारी एकाच साच्यातली असतील, तर चूक फक्त अधिक वेगाने पुढे सरकते. वैचारिक विविधता हा अ‍ॅजाइल संघाचा अलंकार नसून त्याच्या रचनेची गरज आहे, ती यासाठी.

किंबहुना 'स्क्रम' या संकल्पनेचे मूळच तिथे आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकांचा १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या जानेवारी-फेब्रुवारी अंकात एक लेख प्रसिद्ध झाला. नवी उत्पादने झटपट बाजारात आणणाऱ्या कंपन्यांचा तो अभ्यास होता. एका विभागाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, ही रिलेशर्यतीची रीत सोडून या कंपन्यांतील संघ रग्बीप्रमाणे चेंडू आपापसांत खेळवत सगळे मिळून पुढे सरकत होते. फुजी-झेरॉक्सने 'एफएक्स-३५००' हे कॉपी यंत्र तयार करताना नियोजन, रचना, उत्पादन, विक्री, वितरण अशा विभागांतील माणसे एकत्र आणली. आधीच्या यंत्राला ३८ महिने लागले होते, याला २९ लागले. होंडाने 'सिटी' ही छोटी मोटार घडवण्यासाठी सरासरी सत्तावीस वर्षे वयाचा संघ निवडला आणि कंपनीने आजवर केले नाही असे काही करा, एवढेच सांगितले. लांब आणि बुटक्या मोटारींच्या जमान्यात त्यांनी आखूड आणि उंच मोटार पुढे ठेवली. रग्बीतील 'स्क्रम' हा शब्द सॉफ्टवेअरच्या जगात आला, तो याच लेखातून.

विविधता नेमकी कुठे कामी येते, हे पाहायला मोटारीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. नावनोंदणीचा साधा संगणकीय अर्ज घ्यावा. मराठी घरात वाढलेला प्रोग्रॅमर सहजच तीन रकाने करतो : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आडनाव अनिवार्य. त्याच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखे काही नाही. शेजारी तामिळनाडूचा सहकारी असेल, तर तो विचारील, 'आडनावच नसेल तर?' त्याच्या घरात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात, आडनाव नसते. विवाहित सहकारी विचारील, की लग्नाआधीचे नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि नंतरचे बँकेच्या पासबुकावर असेल, तर हा अर्ज त्या दोघींना एकच व्यक्ती मानणार का? चाचणी करणाऱ्याला देवनागरीत लिहिलेल्या नावाची काळजी पडेल. हा प्रश्न काल्पनिक नाही. पारपत्रावर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या भारतीयांच्या अमेरिकी व्हिसावर त्यांचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरे छापली जातात. अर्थ, नाव अज्ञात. स्वत:चे नाव ठाऊक असलेली कितीतरी माणसे तिकडच्या कचेऱ्यांत ही तीन अक्षरे वागवत फिरतात. यातली एकही अडचण बुद्धीच्या कमतरतेतून आलेली नाही. एका माणसाला जे गृहीत वाटते ते दुसऱ्याच्या आयुष्यात खरे नसते, एवढेच कारण. ते टेबलावर दुसरा माणूस असेपर्यंतच लक्षात येते.

अर्थात, दुसरा माणूस बसवला म्हणजे तो बोलेलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेला प्रयोग येथे आठवल्यावाचून राहत नाही. एका रेघेशी तीनपैकी कोणती रेघ जुळते, एवढाच सोपा प्रश्न. पण खोलीतील बाकीचे सारे आधीच फितवलेले, ते ठरवून चुकीचे उत्तर देत. आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असतानाही सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी निदान एकदा तरी बहुमताची री ओढली. मात्र गटात एक जरी वेगळे बोलणारा असला, की हे प्रमाण झपाट्याने घटे. विशेष म्हणजे त्या वेगळ्या बोलणाऱ्याचे उत्तर स्वत: चुकीचे असले, तरीही इतरांना खरे बोलण्याचे बळ मिळे. विरोधी मत बरोबर असले तरच उपयोगी, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला आहे.

अ‍ॅजाइल संघांनी या मानवी स्वभावावर एक नामी तोड काढली आहे. तिचे नाव 'प्लॅनिंग पोकर'. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ती मांडली. एखाद्या कामाला किती श्रम पडतील, हे ठरवताना प्रत्येकाच्या हाती आकड्यांचे पत्ते असतात : १, २, ३, ५, ८, १३ असे वाढत जाणारे. प्रत्येक जण आपला पत्ता पालथा ठेवतो आणि सगळे एकाच वेळी उलटतात. ज्येष्ठाने आधी 'तीन' म्हटले, की बाकीच्यांचे आकडे त्याच्याभोवतीच घुटमळतात. पत्ते एकदम उघडल्याने ही सोयच राहत नाही. खरा खेळ नंतर आहे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा टाकणाऱ्या दोघांनी कारणे सांगायची. 'दोन' म्हणणाऱ्याला एखादा तयार भाग ठाऊक असतो. 'तेरा' म्हणणारीला मागच्या वेळी तो भाग कुठे कोसळला, हे ठाऊक असते. दोन्ही माहिती संघातच होती, पण विचारल्याखेरीज ती बाहेर आली नसती. इथे सरासरी काढून मोकळे होणारे संघ या पद्धतीचा प्राणच काढून टाकतात.

वेगळे मत टेबलावर येऊनही पायदळी तुडवले जाऊ शकते, याचे सर्वांत दारुण उदाहरण सॉफ्टवेअरबाहेरचे आहे. स्नोबर्ड ज्या यूटा राज्यात आहे, त्याच राज्यातील मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी २७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत 'चॅलेंजर' यानाचे उड्डाण थांबवण्याची शिफारस केली होती. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, अशी त्यांची भीती होती. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे कोणी म्हटले नाही. उड्डाण असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असा उलटा भार अभियंत्यांवर पडला. व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कार्यालयांतील बैठकांत एवढे भयंकर काही घडत नाही. पण 'सिद्ध करून दाखव' हे वाक्य शंका घेणाऱ्याच्याच दिशेने फेकण्याची सवय मात्र ओळखीची आहे.

हार्वर्डमधील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये संघांमधील 'मानसिक सुरक्षितते'चा विचार मांडला, तो याच संदर्भात. त्याआधी रुग्णालयांचा अभ्यास करताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. उत्तम नेतृत्व असलेल्या कक्षांत औषधांच्या चुकांची नोंद कमी नव्हे, अधिक होती. तिथल्या परिचारिका चुका अधिक करत होत्या असे मानण्यापेक्षा, त्या चूक सांगायला घाबरत नव्हत्या, हे स्पष्टीकरण अधिक जुळणारे होते.

आपल्याकडच्या कार्यालयांत हा मुद्दा अधिक नाजूक होतो. आयटी कंपन्यांनी अमेरिकी रीतीने एकमेकांना नावाने हाक मारण्याची प्रथा आणली. पण वार्षिक मूल्यमापनाच्या पत्रकावर सही करणारा हात तोच राहिला. नावाने हाक मारली म्हणून पदाचे वजन हलके होत नाही. त्यात परदेशी ग्राहकाबरोबरच्या बैठका. न्यूयॉर्कमध्ये सकाळ असते, तेव्हा पुण्यात संध्याकाळ उलटत असते; भाषा त्यांची, बोलण्याचा वेग त्यांचा. अशा वेळी पुण्यातल्या संघाचे मौन हा होकार समजला जातो आणि पुढे महिन्याभराने 'तुम्ही आधी का नाही सांगितले?' असा प्रश्न येतो. होयबांची फौज कोणी मुद्दाम उभारत नाही. ती अशी आपोआप उभी राहते.

विविधतेची किंमतही मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. भिन्न पार्श्वभूमीच्या माणसांना एकमेकांची भाषा कळायला वेळ लागतो, पहिले काही टप्पे कुरबुरींचे जातात. कामाबद्दलचा वाद माणसांबद्दलच्या वादात घसरला, की संघ एकजिनसी संघापेक्षाही वाईट काम करतो. शिवाय वेगवेगळ्या प्रांतांतले चार चेहरे छायाचित्रात आले, म्हणजे चार विचार आले असेही नाही. एकाच प्रकारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, एकाच क्लासमधून घडलेली माणसे पुष्कळदा एकाच ठिकाणी अडखळतात. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी एखाद्याला ठरवून विरोधकाची भूमिका दिली जाते. बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या संशोधनानुसार अशा नेमलेल्या विरोधापेक्षा मनापासून असलेला विरोध गटाला अधिक विचार करायला लावतो. नाटकातला खलनायक कोणालाच खरा वाटत नाही.

म्हणून जाणते संघ भूमिका वाटण्यापेक्षा बोलण्याचा क्रम बदलतात. टप्पा संपल्यावर होणाऱ्या 'रेट्रोस्पेक्टिव्ह' बैठकीत पहिली दहा मिनिटे कोणीच बोलत नाही. प्रत्येक जण काय बिनसले ते चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठ्या एकत्र फळ्यावर लागतात. चर्चा सुरू होते ती सर्वांत नव्या सदस्यापासून, संघप्रमुखाची पाळी शेवटी. यात नवे काही नाही. लष्करी न्यायालयांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत आधी घेण्याची प्रथा संगणकापेक्षा बरीच जुनी आहे.