माउंटन बाइकचा ब्रेक लिव्हर : स्वस्त घ्या, पण जुळणारा

गिऱ्हाईक स्वस्त लिव्हर मागते. द्यायला हरकत नाही, पण तो ब्रेकशी जुळला पाहिजे. शिमानोने १९९६ साली आणलेल्या व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते. जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचा लिव्हर ती कमी ओढतो. असा लिव्हर व्ही-ब्रेकला लावला तर दुकानात दाब नरम, छान वाटतो. रबरे झिजली की उतारावर लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. गिऱ्हाइकाचा जीव कारागिराकडे अमानतच असतो. वायरवाल्या डिस्कलाही बहुधा व्ही-ब्रेकचाच लिव्हर चालतो. पिनपासून वायरच्या खाचेपर्यंतचे अंतर पाहावे. व्ही-ब्रेकच्या लिव्हरमध्ये ते जास्त असते. ढिल्या पिनेचा माल परत करावा. कंपनीच्या नावाला जादा पैसे कशाला? अ‍ॅल्युमिनियमचा साधा जोड पुरतो. दोन्ही जातींचे डबे मात्र वेगळे ठेवावेत.