दोन पिनांचा ओलावामापक

लाकूड वाळलं की नाही हे जुना सुतार फळी हातात तोलून आणि टिचकी मारून सांगतो. आता वखारीत त्याच्या जोडीला मोबाइलएवढं एक यंत्र आलंय, मॉइश्चर मीटर. पुढच्या दोन अणकुचीदार पिना लाकडात रुतवल्या की पडद्यावर टक्के उमटतात.

यंत्र प्रत्यक्षात मोजतं तो विजेला होणारा विरोध. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरडं तिला अडवतं. पण लाकूड तापलं तरी हा विरोध घटतो, त्यामुळे उन्हात तापलेली फळी आहे त्याहून ओली भासते. सागाचा आणि आंब्याचा विरोधही सारखा नसतो, म्हणून चांगल्या मीटरवर लाकडाची जात निवडावी लागते. स्वस्त मीटर दशांशापर्यंत आकडा दाखवतात. त्या दशांशावर माझा तरी विश्वास नाही.

खरा निवाडा भट्टी आणि तराजूचा. नमुना सुमारे १०३ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात आणि उडालेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागतात. दीड किलोचा तुकडा एक किलोवर आला, तर ओलावा ५० टक्के. या हिशेबाने ताज्या तोडीच्या काही लाकडांत तो शंभरावर जातो! जळणाच्या व्यवहारात मात्र ओल्या वजनाने भागायचीही रीत आहे. तिथे हाच तुकडा ३३ टक्क्यांचा ठरतो. त्यामुळे टक्के ऐकले की कशाने भागले ते आधी विचारावं.

साधारण ३० टक्क्यांपर्यंत पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं आणि लाकडाचा आकार तसाच राहतो. त्याखाली पेशींच्या भिंती सुकू लागतात, लाकूड आकसतं. वलयांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून फळी पीळ खाते, ओंडक्याला भेगा पडतात. पुढे हवेतल्या दमटपणाप्रमाणे ओलावा खाली-वर होत राहतो. कोकणात पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती यामुळेच.

सरपणाला २० टक्क्यांच्या आतला ओलावा चांगला. किलोभर पाण्याची वाफ करायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी खर्च होतात. तेवढ्यात चूल गार पडते आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचा धूर घरभर होतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळणाला २० टक्क्यांची मर्यादा कायद्यानेच घातली आहे.

सरपण तपासताना ओंडक्याच्या टोकाला पिना लावू नका, टोक सगळ्यात आधी वाळतं. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मध्यभागी मोजा.