शुद्ध केलेले सांडपाणी आणि सरोवर

शहरातील सांडपाणी शुद्ध करून सोडले म्हणजे कर्तव्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेच्या वायव्य भागात सीॲटल शहरालगत असलेल्या वॉशिंग्टन सरोवराने हा समज खोटा ठरविला. पाण्याचा पाठ घेताना शिक्षकांना हे उदाहरण फार उपयोगी पडेल.

१९४१ नंतर या सरोवराकाठी वस्ती झपाट्याने वाढली. तेथील गावांनी मैलापाणी तसेच न सोडता त्यासाठी शुद्धीकरण केंद्रे बांधली. अशा केंद्रात प्रथम जाळीने कचरा अडवितात, नंतर हौदात गाळ बसू देतात. पुढे हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकडून उरलेली घाण खाववितात. बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, त्याला दुर्गंधीही नसते. परंतु घाण कुजल्यावर मोकळे होणारे स्फुरद व नत्र यांचे क्षार पाण्यात विरघळलेलेच राहतात. जे शेतात खत, तेच पाण्यात शेवाळाचे खाद्य! नदीत पडलेले क्षार प्रवाहाबरोबर पुढे जातात. वॉशिंग्टन सरोवरातील पाणी मात्र पूर्ण बदलण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. १९६३ पर्यंत अशी अकरा केंद्रे दररोज सुमारे साडेसात कोटी लिटर पाणी त्यात ओतीत होती.

१९५५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेत या पाण्यात एक तंतुमय शैवल आढळले. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवर बिघडू लागले तेव्हा हेच शैवल तेथे दिसले होते, म्हणून त्यांना धोक्याची जाणीव तत्काळ झाली. शेवाळ मातले की पाणी हिरवट होते. ते मरून तळाशी कुजताना प्राणवायू संपवते आणि खोल पाण्यातील माशांना जगणे कठीण होते.

उपाय खर्चाचा होता आणि निर्णय मतदारांच्या हाती होता. जेम्स एलिस या वकिलांनी सर्व गावांची मिळून एक संस्था असावी, असा आग्रह धरला. मार्च १९५८ मध्ये लोकांनी ती योजना नाकारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुधारलेली योजना मान्य केली. निरोगी दिसणाऱ्या पाण्यासाठी जादा कर देण्यास माणूस सहजी तयार होत नाही, यात नवल नाही. १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी मोठ्या नळांनी सरोवराबाहेर वळविले गेले व शुद्ध करून समुद्राच्या बाजूस सोडले जाऊ लागले. १९६४ साली पाण्यात जेमतेम अडीच फूट खोल दिसत असे. १९६८ मध्ये ही खोली दहा फुटांवर गेली.

दोष स्फुरदाचाच, याविषयी काहींना शंका होती. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सरोवराच्या मध्यभागी पडदा लावला. दोन्ही बाजूंस साखर व नत्र घातले, एकाच बाजूस स्फुरदही. तीच बाजू हिरवी झाली.

समुद्र जवळ नसलेल्या ठिकाणी पाणी वळविणे शक्य नसते. तेथे केंद्रातच तुरटीसारखे क्षार मिसळून स्फुरद गाळाबरोबर खाली बसविता येते. कपडे धुण्याच्या पुडीतही स्फुरद असू शकते, हे घरच्या उदाहरणाने मुलांना सांगावे.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची रीत सोपी आहे. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन पाद्र्यांनी पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती वापरली. सुमारे वीतभर रुंदीच्या डब्याच्या झाकणाला पांढरा रंग द्यावा, खाली दगड बांधावा व दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यावी. दोरी शिक्षकांनी स्वतः सोडावी. मुलांनी काठापासून दूर बसून गाठी मोजाव्यात व वहीत टिपाव्यात. महिन्यातून एकदा, दुपारच्या वेळी, त्याच जागी मोजणी करावी. पावसाळ्यात गढूळपणामुळे तबकडी लवकर नाहीशी होते. तेव्हा पाण्याचा रंग तांबूस होता की हिरवा, हे आकड्यापुढे अवश्य लिहून ठेवावे.