हौशी हातांची उमेदवारी

वैशाखाचे दिवस, दोन प्रहरची वेळ. जळगावहून धुळ्यास निघालेली एक जुनी मोटार एरंडोल मागें टाकून पारोळ्याच्या वाटेस लागते, आणि बोनेटच्या फटींतून वाफ येऊं लागते. गाडीचे मालक सुशिक्षित, हुशार, आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची हौस बाळगणारे. ते तत्काळ खालीं उतरतात, बोनेट उघडतात, आणि पाणी घालावें ह्या सद्हेतूनें रेडिएटरचें झांकण फिरवितात. पुढच्याच क्षणीं उकळत्या पाण्याचा फवारा हातातोंडावर येतो, आणि धुळें राहून रुग्णालय गांठावें लागतें. हें चित्र कल्पिलेलें आहे. तथापि खानदेशच्या उन्हाळ्यांत मोटार हांकणाऱ्या कोणास तें अपरिचित वाटेल असें नाहीं.

येथें चूक कोठें झाली? हेतूंत नाहीं आणि हिंमतींतही नाहीं. यंत्राच्या आंत काय चाललें आहे हें जाणण्यापूर्वीं हात पुढें गेला, ही ती चूक.

उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतें. परंतु रेडिएटर हें उघडें पातेलें नव्हे; तें प्रेशर कुकरासारखें बंद भांडें आहे. झांकणांतील स्प्रिंग आंतला दाब राखून धरते. आजच्या बहुतेक मोटारींत हा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें दुप्पट होतो, आणि तेवढ्या दाबाखालीं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब एकाएकीं उतरतो; अतितप्त पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होतो, आणि ती वाफ उरलेलें पाणी बाहेर फेकते. गृहिणी वाफ जिरल्यावांचून कुकर उघडीत नाहीं. घरांतील ही रोजची सावधगिरी गृहस्थास रस्त्यावर आठवत नाहीं, एवढेंच.

खानदेशांत हा प्रसंग अधिक कां येतो, ह्याचें कारणही सोपें आहे. रेडिएटर आपली उष्णता बाहेरच्या हवेस देतो. हवा जितकी गार, तितकें हें देणें सुलभ. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां तें मंदावतें. त्यांत पंख्याचा पट्टा सैल असला, अथवा जाळी धुळीनें बुजली असली, म्हणजे कांटा वर जाणारच. अशा वेळीं इंजिन बंद करून अर्धा तास किंवा त्याहून अधिक स्वस्थ थांबावें. सर्व निवाल्यावर जाड फडक्यानें झांकण हळूहळू सोडावें. तापलेल्या इंजिनांत गार पाणी एकदम ओतूं नये. धातु असमान आकुंचन पावून तडकण्याचा संभव असतो.

दुसरा अपघात याहूनही घातक आहे. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. तापीकांठची काळी जमीन उन्हाळ्यांत दगडासारखी भासते. पाऊस पडला कीं तीच मऊ होते, आणि जॅकचा पाया रुतून तो तिरपा होतो. विटांचा टेकू तर त्याहून फसवा, कारण वीट पूर्वसूचना न देतां फुटते. सपाट व कठीण जागा, ओढलेला हँडब्रेक, जमिनीवरील चाकांस दगडाची अटक, आणि भार पेलणारी लोखंडी घोडी, एवढी तयारी झाल्यावांचून गाडीखालीं कोणीही शिरूं नये. येथें चुकीची किंमत जीव ही आहे.

तिसरी चूक जोराची. एका बाजूचे नट प्रथम पुरते आवळले, तर चाक वांकडें बसतें. म्हणून समोरासमोरचे नट थोडेथोडे, आळीपाळीनें आवळावयाचे असतात. पान्यास लांब नळी लावून जोर केला, म्हणजे आटे झिजतात किंवा बोल्ट तुटतो. घट्ट बसणें आणि अति आवळणें ह्यांतील अंतर पुस्तकांत सांपडत नाहीं. तें मनगटास शिकावें लागतें.

मनगट कसें शिकतें, हें पाहण्यास धुळें हें ठिकाण चांगलें. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते येथें एकमेकांस भेटतात, आणि मालमोटारींच्या गॅरेजांस काम पडतें. तेथें नवा उमेदवार प्रथम फक्त पाने देतो. उस्तादानें ‘बारा-तेरा’ म्हणतांच तोच पाना हातीं आला पाहिजे. मग तो सुटे भाग धुतो, काढल्या क्रमानें मांडून ठेवतो, आणि पुष्कळ दिवसांनीं त्यास नट आवळण्याची परवानगी मिळते. बाहेरून हें हलकें काम दिसतें. वस्तुतः नांव, स्थान आणि क्रम ह्या तीन गोष्टींचें तें शिक्षण आहे. हौशी मनुष्य नेमकें हेंच वगळतो, आणि गाडी जोडून झाल्यावर दोन स्क्रू हातांत उरले म्हणून चकित होतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. उस्तादास ‘कसें’ ठाऊक असतें, परंतु ‘कां’ हें पुष्कळदां कोणी सांगितलेलें नसतें. सुशिक्षितास ‘कां’ समजतें, पण त्याचा हात कोरा असतो. ही फारकत मिटविण्यासाठींच भारत सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली, आणि १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला. जळगाव व धुळें ह्या दोन्ही ठिकाणीं शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत.

हौसेस तुच्छ मानण्याचें मात्र कारण नाहीं. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्यानें बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून सुमारें शंभर किलोमीटरांवरील फोर्त्सहाइमला गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें साफ केली. ब्रेक झिजला, तेव्हां चांभाराकडून त्यास चामडें ठोकून घेतलें. त्याच वर्षीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सायकलींचें दुकान काढलें. त्या उद्योगांतून वाढत १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. बाईंस आपलें यंत्र ठाऊक होतें, आणि लक्ष्मणरावांनीं आरंभ लहान यंत्रापासून केला.

ह्यांतच हौशी मनुष्याची वाट आहे. तेलाची पातळी, टायरांतील हवा, हवेची जाळी, फ्यूज, चाक बदलणें, इतकें प्रत्येक घरांतील मुलास व मुलीस यावें. ब्रेक, एअरबॅग, आणि विजेच्या गाडीतील नारिंगी रंगाच्या तारा मात्र शिकलेल्या हातांकरितांच राखाव्या. आणि पुढील खेपेस गाडी गॅरेजांत गेली, म्हणजे गृहस्थानें बाहेरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत न बसतां उस्तादाशेजारीं उभें राहावें, आणि मागितलेला पाना पुढें करावा.