दवाखाना की नोकरी?

वैद्यकाची पदवी पदरात पडली, की तरुण डॉक्टरापुढे प्रश्न उभा राहतो : स्वतःचा दवाखाना थाटावा, की नोकरी पत्करावी? वरवर पाहता हा केवळ अर्थप्राप्तीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, विख्यात शस्त्रवैद्य डॉ. एस. रंगाचारी यांनी सरकारी सेवा सोडून स्वतंत्र व्यवसाय मांडला. दूरगावच्या रुग्णांकडे वेळेवर पोचता यावे म्हणून त्यांनी विमानही बाळगले होते. स्वतंत्र व्यवसायात निर्णय आपला असतो, बदलीचे भय नसते. परंतु जागा, उपकरणे यांचा भार एकट्यावर पडतो. आणि सल्ला देणारा व फी घेणारा एकच असल्याने मोहही जवळच असतो.

डॉ. व्ही. शांता यांनी निराळी वाट धरली. सरकारी स्त्री-रुग्णालयातील जागा मिळत असता १९५५ साली त्या अड्यारच्या कर्करोग संस्थेत गेल्या. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने वर्षभरापूर्वीच निघालेल्या या संस्थेत तेव्हा अवघ्या बारा खाटा होत्या. कर्करोगाला शस्त्रक्रिया, किरणोपचार व पेशीपरीक्षा ही एकत्र लागतात. एकट्याचा दवाखाना तेथे तोकडा पडतो. २०२१ साली निधन होईपर्यंत त्या संस्थेशी बांधलेल्या राहिल्या.

तेव्हा आपण कोणत्या रोगाशी व कोणासाठी झुंजणार, हे आधी ठरवावे. त्या कामाला काय लागते हे कळले, की दवाखाना की नोकरी याचे उत्तर फारसे दूर राहत नाही.