जुन्या जावाचा जीर्णोद्धार

मोटारसायकल रस्त्यावर धावत असताना तिची जी झीज होते ती मोजता येते आणि वेळच्या वेळी भरूनही काढता येते. परंतु तीच गाडी तीस-चाळीस वर्षे एखाद्या वाड्याच्या पडवीत, गोणपाटाखाली, टाकीतले पेट्रोलही न काढता उभी राहिली, म्हणजे लोखंड, रबर, तांबे, ॲल्युमिनियम आणि तेल या तिच्या प्रत्येक घटकद्रव्यावर काळ निरनिराळ्या रीतीने आपला अंमल बसवितो, आणि त्या अंमलाची बाहेरून पाहणाऱ्यास बहुधा दादही लागत नाही. अशा गाडीचे पुनरुज्जीवन करू इच्छिणाऱ्याने प्रथम दुरुस्तीचा विचार बाजूस ठेवून तपासाचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. कारण चाळीस वर्षांच्या विश्रांतीने जितक्या गाड्या निकामी झाल्या नसतील तितक्या त्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या तासाभराच्या उतावळेपणाने झाल्या आहेत.

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून या अवस्थेत सापडणाऱ्या गाड्यांमध्ये मैसूरची जावा वारंवार आढळते, म्हणून हे विवेचन मुख्यतः तिच्याच अनुषंगाने करतो. चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या जावा गाड्या मुंबईत विकणाऱ्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी, परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आल्यानंतर, मैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ नंतर त्याच वंशातील गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. एकच सिलिंडर आणि तरीही दोन बाजूंस दोन सायलेन्सर, सोळा इंचांची चाके, पूर्णपणे पेटीबंद चेन, आणि किक व गिअर या दोहोंचे काम करणारा एकच डाव्या बाजूचा दांडा, ही तिची लक्षणे ज्यांनी ती चालविली त्यांस आजही तोंडपाठ असतात. अडीचशे सीसीच्या वर्गातील हे दोन-स्ट्रोक इंजिन रचनेने अत्यंत साधे आहे; त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वेगळा ऑइल पंप नाही. या साधेपणामुळेच ते घरच्या घरी दुरुस्त होऊ शकते. पण दीर्घकाळ पडून राहिल्याने त्याचे जे नुकसान होते त्याचेही मूळ याच साधेपणात आहे, आणि ते कसे हे समजल्यावाचून पाना हाती घेणे योग्य नव्हे.

पडवीतून गाडी अंगणात आली की घरातील प्रत्येकास एकदा किक मारून पाहण्याची अनिवार इच्छा होते, आणि नेमकी हीच गोष्ट टाळावयाची असते. जावाचा सिलिंडर बिडाच्या लोखंडाचा आहे. त्याच्या भिंतींस आत येण्याजाण्याच्या वायुमार्गांची छिद्रे, म्हणजे पोर्ट, पाडलेली आहेत, आणि पिस्टन ज्या ठिकाणी थांबला असेल त्यानुसार त्यांतील काही पोर्ट इतकी वर्षे उघडे राहून सायलेन्सरमार्गे पावसाळ्यातील दमट हवा आत घेत राहिलेले असतात. त्या ओलाव्याने रिंगा बोअरला गंजून चिकटतात, आणि अशा चिकटलेल्या इंजिनावर शरीराचा सारा भार टाकून किक मारली, म्हणजे ठिसूळ झालेली रिंग मोडून तिचे टोक पोर्टच्या कडेत अडकते, बोअरवर उभे ओरखडे उठतात, आणि जे काम एका बाटलीभर तेलाने झाले असते ते लेथवर जाऊन बसते. सबब, प्रथम प्लग काढावा. त्या छिद्रातून डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये सोडावे. आणि पुढे काही दिवस गाडीकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. त्यानंतर उजव्या बाजूचे आवरण काढून डायनॅमोच्या मधल्या बोल्टला पाना लावावा आणि इंजिन हातानेच, केसभर पुढे, केसभर मागे, असे हलवून पाहावे. तेही जर दाद देईना, तर हेड आणि सिलिंडर उतरविणे हाच राजमार्ग होय. जबरदस्तीने येथे आजवर कोणाचेही भले झालेले नाही.

पिस्टन मोकळा झाला म्हणजे काम फत्ते झाले, अशी अनेकांची समजूत होते, आणि पहिली फेरी मारून आलेल्या कित्येक गाड्या याच समजुतीपायी दुसऱ्या फेरीत बंद पडतात. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. ते प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या पेटीत, ओढले जाते, तेथे दाबले जाते आणि मग वर चढते. अर्थात ही पेटी हवाबंद असणे हा सर्व व्यवहाराचा पाया आहे, आणि ते हवाबंदपण क्रँकच्या दोन्ही टोकांस बसविलेल्या रबरी ऑइल सीलांवर अवलंबून असते. इतक्या वर्षांत ही रबरे वाळून कठीण होतात आणि त्यांची ओठासारखी कडा शाफ्टला धरेनाशी होते. डाव्या बाजूचे, क्लचकडील सील गेले तर तिकडचे ऑइल आत शोषले जाऊन सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरट धूर निघू लागतो, आणि हा दोष निदान डोळ्यांना दिसतो तरी. परंतु उजव्या बाजूचे, डायनॅमोकडील सील गेले, तर तेथून बाहेरची कोरडी हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे आणि त्याबरोबर ऑइलचेही प्रमाण घटते, इंजिन तापत जाते, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता पिस्टन भर रस्त्यात जाम होतो. क्रँकच्या बेअरिंगांची गोष्टही अशीच आहे. त्यांना वंगण मिळते ते केवळ पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलातून. इंजिन बंद असता ते मिळत नाही, आणि पेटीच्या तळाशी साठलेल्या ओलाव्याने त्यांच्या रोलरांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. म्हणून, खर्च आणि कालावधी वाढला तरी, दोन-तीन दशके उभ्या असलेल्या जावाचे इंजिन पूर्ण खोलून दोन्ही सील आणि बेअरिंगे नवी घालावीत, असे मी प्रत्येकास आग्रहाने सांगतो. बोअर ओरखडला असेल तर तो रिबोअर करून वाढीव मापाचा पिस्टन बसवावा लागतो. मात्र पिस्टन आधी हाती घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा, हा क्रम लेथवाल्याकडून कटाक्षाने पाळून घ्यावा.

टाकी आणि कार्बोरेटर यांची दुर्दशा वेगळ्या कारणाने होते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो, ऑइल आणि डिंकासारखा चिकट साका मागे उरतो, आणि तोच साका कार्बोरेटरच्या सूक्ष्म जेटमध्ये बसून त्यांचे तोंड बंद करतो. जेट पोलादी तारेने टोकरू नये. पितळेच्या त्या छिद्राचे माप किंचितही वाढले तर मिश्रणाचा सारा हिशेब बिघडतो. ते द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे. टाकीतील गंज काढण्यासाठी खडे किंवा नट घालून ती खुळखुळविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तीही चालते. पण विद्युत-विघटनाची रीत मला अधिक सौम्य वाटते. टाकी पाण्याने भरून त्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा, टाकीस कुठेही स्पर्श होणार नाही अशा बेताने एक साधी लोखंडी सळई आत सोडावी, बॅटरी-चार्जरचे ऋण टोक टाकीला आणि धन टोक सळईला जोडावे, म्हणजे गंज सुटत जातो आणि निरोगी पत्रा शाबूत राहतो. सळई स्टेनलेस स्टीलची कदापि वापरू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. आणि हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावे, कारण त्यात हायड्रोजन वायू बाहेर पडतो. टाकी रिकामी केल्याबरोबर वाळवून आतून ऑइलमिश्रित पेट्रोल फिरवावे, नाहीतर काही तासांतच नवा गंज धरतो. आजच्या पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरास मानवत नाही, तेव्हा नळी आणि तोटीतील वॉशर नवे घालावेत आणि गाडी महिनोन्महिने चालणार नसेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

विजेच्या बाजूस बहुधा काळजीचे कारण थोडे असते. सहा व्होल्टची बॅटरी नवी घ्यावी, पॉइंट घासून साफ करावेत, कंडेन्सर बदलावा, आणि उंदरांनी कुरतडलेली वायरिंग जोडाजोड न करता संपूर्ण नवी ओढावी. सायलेन्सर आतून पाहावेत. त्यांत कुंभारीण माशीची मातीची घरटी सापडतात. टायरवर नक्षी शिल्लक दिसली तरी जुने टायर वापरू नयेत. ब्रेक उघडताना मात्र सावध असावे, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकून उडविणे फुफ्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. पेटीबंद असल्यामुळे चेन मात्र पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतक्या सुस्थितीत निघते.

सुटे भाग मिळणे आज दुर्घट नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईच्या चोर बाजारात, आणि जावाच नीट करीत आयुष्य घालविलेल्या वृद्ध मेकॅनिकांच्या गॅरेजांत शोध घेतला असता बहुतेक जिन्नस हाती येतात. मूळ भाग नमुन्यादाखल बरोबर न्यावा आणि मापे ताडून मगच पैसे मोजावेत. या मेकॅनिकांपाशी बसून त्यांचे बोलणे ऐकणे हीदेखील या उद्योगातील एक मोठी प्राप्ती आहे, कारण त्यांची ही विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही.

इंजिन सुरू झाले की पुढचा मोह रंगाचा येतो. मूळचा गडद तांबडा रंग फिका पडलेला, टाकीवरील सोनेरी रेघ कुठे कुठे पुसलेली, क्रोमवर डाग पडलेले, हे पाहून सारी गाडी घासून काढावी आणि आरशासारखी चकचकीत करून घ्यावी असे वाटते. माझा याला स्पष्ट विरोध आहे. पत्रा सडला असेल तेथे इलाज नाही. पण जेथे मूळ रंग तग धरून आहे तेथे तो धुऊन, मेण लावून राखावा. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेतही जतनास असेच महत्त्व दिलेले आहे. नवा रंग पुढेमागे केव्हाही देता येतो. कारखान्यातला रंग एकदा खरवडून काढला की तो पुन्हा कोणासही आणता येत नाही, आणि त्याबरोबर त्या गाडीवर ज्यांचा हात फिरला त्यांची खूणही नाहीशी होते.

आता राहिला दफ्तराचा भाग, आणि तो यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली, आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. मैसूरहून जावा या नावाने निघालेल्या बहुतेक सर्व गाड्या आता या मर्यादेत बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची आहे, आणि आधी नोंदलेल्या वाहनास आपला मूळ क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ज्यास ती रोज फिरवावयाची आहे त्याने सामान्य नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्यावे. मालक हयात नसल्यास वारसाने एकतीस क्रमांकाच्या नमुन्यात हस्तांतराचा अर्ज करावा लागतो, आणि चासीवर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक कागदांशी जुळतात की नाही याची खातरजमा तेथे होतेच. तेव्हा ती आपण गाडी खोलण्यापूर्वीच करून घ्यावी.

ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांस माझी एवढीच विनंती आहे, की भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी घरातील जुन्या पेट्या, खतावण्या आणि देवघरातील फळीसुद्धा एकदा धुंडाळून नोंदणीचे पुस्तक, कराची पावती, विम्याचा कागद, जे हाती येईल ते जपून ठेवावे. पिस्टन आज ना उद्या बाजारात मिळेल. हरवलेले नोंदणीपुस्तक मात्र तेथे मिळणार नाही.