दुबईत दुकान थाटताना मुलांच्या शाळेचा हिशेब

भिवंडी-मालेगावचा कपडा आखाती देशांत जातो ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि कोकणातले आपले बांधव तर कित्येक पिढ्यांपासून तिकडे रोजी कमावत आहेत. पूर्वी माणूस एकटा जाई, बायको-मुले गावीच राहत. आता बर दुबई किंवा देरा भागात गाळा घेऊन कुटुंबासह मुक्काम हलविणारे व्यापारीही दिसू लागले आहेत. अशा वेळी लायसन्स, गाळ्याचे भाडे, उधारीची मुदत यांवर महिनोन् महिने मशवरा चालतो. मुलांची शाळा मात्र निघण्याच्या आठवड्यात ठरते, तीही शेजाऱ्याचे मूल जिथे जाते तीच. आमच्या मते हा क्रम चुकीचा आहे.

आमच्याकडे कुणी याबाबत विचारायला आले तर आम्ही आधी एकच विचारतो. बारावीनंतर मूल कुठे शिकणार? इंग्लंड-कॅनडाकडे जाणार असेल आणि ऐपत असेल, तर ब्रिटिश अभ्यासक्रमाची किंवा आयबीची शाळा घ्यावी. भारतात परतणार असेल तर सीबीएसईची शाळा सोयीची, कारण धंदा आवरून मध्येच परत यावे लागले तरी तोच बोर्ड नाशकात, पुण्यात, मुंबईत मिळतो. व्यापारात परतीची वाट कधी धरावी लागेल हे कोणाला सांगता येते?

इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 85 टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. त्यासाठी मुलाकडे डोमिसाईल तर लागतेच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. काही अपवाद आहेत, पण ते मुख्यतः सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. व्यापाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याची मुलगी हुशार, दहावी-बारावी दोन्ही दुबईत चांगल्या गुणांनी झाल्या, नीटही दिली. गुण असे होते की राज्य कोट्यातून सरकारी कॉलेज मिळाले असते. तो दरवाजा बंद होता. उरल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, जिथे साऱ्या देशाची मुले रांगेत. शेवटी खाजगी कॉलेजची फी भरावी लागली आणि दुबईत कमावलेले बरेचसे तिथेच गेले. मुलाला डॉक्टर करायचे मनात असेल तर दहावीच्या आधी त्याला परत आणण्याची तयारी ठेवावी, नाही तर या खर्चाची. अभियांत्रिकीत नियम एवढा कडक नाही. शिवाय एनआयटीसारख्या संस्थांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात व तिथे फी भारतातल्या मुलांइतकीच पडते. त्याची चौकशी जरूर करावी.

वेळेचाही प्रश्न आहे. सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे दहावीत किंवा बारावीत सहसा थेट प्रवेश मिळत नाही. हलायचे तर नववी सुरू होण्याआधी, नाही तर दहावी संपल्यावर. तिकडच्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकन शाळा ऑगस्टच्या अखेरीस. आपल्या मनात जूनचा हिशेब बसलेला, म्हणून माणूस मे महिन्यात पोहोचतो आणि मग मूल घरी बसते.

आता पैशाचे बोलू. दुबईत पाकिस्तानी, फिलिपिनो, अमेरिकन अशा कितीतरी अभ्यासक्रमांच्या शाळा आहेत. भारतीय शाळा त्यांतल्या स्वस्तांपैकी. 1961 साली स्थापन झालेली इंडियन हायस्कूल तर नफ्यासाठी न चालणारी आहे. नावाजलेल्या ब्रिटिश शाळांत वरच्या वर्गाला वर्षाला पन्नास-साठ हजार दिरहम लागले तर कोणी चकित होत नाही. तीन मुले असतील तर बेरीज वाचकांनीच करावी. बसचे पैसे, गणवेश, पुस्तके वेगळे. फीवर व्हॅट लागत नाही, पण गणवेशावर 5 टक्के लागतो. दिरहम डॉलरला 3.6725 या भावाने बांधलेला आहे. ज्याची कमाई तिकडेच दिरहमात आहे त्याला चिंता नाही. पण ज्याचा खरा धंदा इकडे रुपयात चालतो, त्याची फी रुपया घसरला की शाळेने न वाढवताही वाढते.

फीसाठी अनेक शाळा पुढच्या तारखांचे चेक मागतात. 2022 पासून केवळ शिल्लक नसल्याने परतलेल्या चेकवर सहसा फौजदारी होत नाही, पण धनको तो चेक घेऊन थेट वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो. आणि फी थकली तर शाळा दाखला अडवून धरते. धंदा बसला, फी थकली, दाखला अडकला, असे झाले की इकडच्या शाळेत मूल घालतानाही अडचण. इकडे आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. नववीपासून पुढे त्याचा आधार नाही. म्हणून एका सत्राची फी नेहमी बाजूला ठेवावी, त्या रकमेने माल उचलू नये.

शाळा चांगली की वाईट हे इमारत पाहून ठरवू नये. दुबईतील खाजगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिचे तपासणी अहवाल सर्वांसाठी खुले आहेत आणि त्यांत शाळेला ‘आऊटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत दर्जा दिलेला असतो. अहवालाचे साल मात्र पाहावे, कारण 2024-25 मध्ये जुन्या शाळांची पूर्ण तपासणी झाली नाही.

दीनी तालिमेबाबत तिकडे सोय आहे. खाजगी शाळांत मुसलमान मुलांना इस्लामी शिक्षण हा विषय सक्तीचा आहे आणि अरबीही शिकावी लागते. उर्दू माध्यमातून गेलेल्या मुलाला अरबी लिपी परकी वाटत नाही, हा त्याचा फायदा. खरी अडचण इंग्रजीची येते. गणितात पहिला येणारा मुलगा प्रश्नच न समजल्याने मागे पडतो. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हे ठाऊक आहे. जाण्यापूर्वी सहा महिने तरी त्याला इंग्रजीची शिकवणी लावावी.

भाडे कमी म्हणून बरेच जण शारजात राहतात. तिथे शाळांचे खाते वेगळे, आणि 2022 पासून तिथे शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा भरते. दुकान दुबईत आणि शाळा शारजात असेल तर आठवड्याचा मेळ आधी बसवावा. संध्याकाळची त्या रस्त्यावरची गर्दी तर जाणारा जाणतोच.

निघण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जन्माचा दाखला आणि लसीकरणाची नोंद इंग्रजीत करून घ्यावी. दाखल्यावर शिक्षण खाते, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीच्या वकिलातीचे शिक्के लागतात. त्यात आठवडे जातात, आणि दुबईत पोहोचल्यावर हेच काम करायचे तर कागद पुन्हा इकडे पाठवावे लागतात.